टँकरची हाळी

सहाशे रुपयांसाठी मी माझी माय हरवली. कुणी विचारलं तर मी असंच सांगतो. ऊन होतं, गर्दी होती, तिची आठवण गेलेली होती, हे सगळं खरं आहे. पण ती गाडीतून उतरून गेली तेव्हा मी दुकानात उभा राहून सहाशे रुपये कमी करून घेत होतो, हे त्याहून खरं आहे.

दोन हजार सोळाचा एप्रिल होता. लातुरात महिना महिना नळाला पाणी नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ पाचापेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही असा हुकूम निघाला होता. रेल्वेनं पाणी येणार, अशी चर्चा चहाच्या प्रत्येक टपरीवर होती. आमची इंद्राळवाडी देवणी तालुक्यात. तिथं चर्चाही येत नव्हती. दिवसाआड एक टँकर यायचा, तोही आला तर.

चौदा एप्रिलच्या जयंतीला पाच दिवस उरले होते, आणि जयंती सव्वाशेवी. एरवी आमची पोरं उदगीरहून डीजे आणतात. या वर्षी त्यांनीच बैठकीत ठरवलं की वर्गणीतून डीजे नको, वस्तीसाठी पाण्याची टाकी घेऊ, आणि मिरवणुकीत भीमाकाकांची पिकअप पुढं चालवू. भीमाकाका म्हणजे मी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही छाती फुगवून घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्या पिकअपमध्ये आवाज येतो तो फक्त डाव्या दारातल्या स्पीकरमधून, आणि तोही दार दोनदा आपटलं तर.

गाडी मी तिसऱ्या हातानं घेतलेली. आधी देवणीच्या बाजारची जनावरं वाहिली, दुष्काळ पडला तसा छावणीचा कडबा वाहायला लागलो. तिच्यातला टेप कॅसेटचा होता आणि त्यात एक कॅसेट पाच वर्षांपासून अडकून बसली होती. टाकी घेऊन वर्गणीतले तीन हजार रुपये उरले. एवढ्यात गाडी बोलती करायची होती.

लातुरात गंजगोलाईच्या मागं शिवमूर्तीअण्णांचं दुकान आहे. माणूस मूळचा उदगीरचा, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. जुने रेडिओ, भोंगे, ॲम्प्लिफायर, जे कुणी फेकून देईल ते अण्णा उचलून आणतात आणि त्याला बोलायला लावतात. मी सकाळीच निघालो, आणि सोबत मायला घेतलं.

मायचं नाव सरजाबाई. वय सत्तरीचं. तीन वर्षांपासून ती एकेक माणूस विसरत चालली होती. आधी सुनेला विसरली, मग नातवंडांना, मग मला. मला कधी भाऊ म्हणायची, कधी मास्तर. तिचा भीमा तिच्या डोक्यात होताच, पण तो आठ वर्षांचा होता आणि नेहमी शाळेत गेलेला असायचा. माझी धाकटी बहीण पंचशीला नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात शिपाई आहे. तिनं हट्ट धरला होता, "दादा, पाऊस पडेस्तोवर मायला माझ्याकडं आणून सोड. इथं नळाला पाणी तरी येतंय." देवणीहून नांदेडला जायचं तर लातूर वाकड्या वाटेला. पण दोन फेऱ्यांचं डिझेल जाळण्यापेक्षा एका फेरीत दोन्ही कामं उरकू, असा हिशोब मी केला. सगळी अक्कल मला डिझेल वाचवतानाच सुचते.

निघताना माय घागर सोडेना. काखेत घागर घेऊनच गाडीत बसायला आली. मी ती हिसकावून घेतली आणि ओसरीवर ठेवली. म्हणालो, "नांदेडला लई घागरी हायेत, चल." ती रिकाम्या हातानं गाडीत बसली. तो तिचा शेवटचा हट्ट मी मोडला नसता तर, या विचारानं पुढं सहा तास माझं डोकं पोखरलं.

गाडी अण्णांच्या दुकानासमोर सावलीत लावली. मायला म्हणालो, इथंच बस. अण्णांनी दोन भोंगे काढून दाखवले. आतल्या बाजूनं लाल रंगात लिहिलं होतं, उदगीर जिल्हा झालाच पाहिजे.

"समितीचे हायेत," अण्णा म्हणाले. "मोर्चाला घेतले, मग मलाच इकले."

"मग जिल्हा झाला का?"

"झाला असता तर समितीनं नवे घेतले असते की. झाला न्हाई म्हणून तुला स्वस्तात द्यायलोय."

दोन भोंगे, बारा व्होल्टचा जुना ॲम्प्लिफायर आणि एक माइक, सगळे मिळून छत्तीसशे. माझ्याकडं तीन हजार. मी आधी भोंग्याला पडलेला पोचा दाखवला, मग माइकची जाळी, मग आमच्या ओळखीची वर्षं मोजली. अडकलेल्या कॅसेटसकट जुना टेप बदल्यात देतो म्हणालो. अण्णा हसले, चहा सांगितला. चहा आला, संपला, तरी मी दोनशेवर अडून बसलो होतो. शेवटी अण्णांनी हात जोडले आणि तीन हजारात सौदा पटला. मी खूश होऊन पाण्याची बाटली घेतली आणि मायला दोन घोट द्यावेत म्हणून बाहेर आलो.

केबिनचं दार उघडं होतं. सीटवर कुणी नव्हतं.

गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. मी त्यातला एक धरला, मग परत येऊन दुसरा धरला. बांगड्यांची दुकानं, भांड्यांची दुकानं, रिकामे ड्रम विकणारे, सगळ्यांना विचारलं. एक मोसंबीवाला म्हणाला, "एक म्हातारी गेली खरी, हिरव्या लुगड्याची. उस्मानाबादची गाडी कुठं लागती म्हून इचारत व्हती. मी बार्शी रोडकडं हात केला."

मी म्हणालो, "आमची पांढऱ्या लुगड्यात असती. आन तिचं उस्मानाबादला काय हाय?" आणि पुढं पळालो. त्याचं ऐकून तिथूनच वळलो असतो तर ही गोष्ट सांगायला राहिली नसती.

चौकीत हवालदारांनी नाव लिहून घेतलं. लुगडं कसलं, विचारलं. मी म्हणालो, पांढरं, निळ्या काठाचं. माय बारा महिने तेच नेसते, त्यात विचार करण्यासारखं काय होतं? ते म्हणाले, "आमची निम्मी माणसं पाण्याच्या बंदोबस्ताला गेलीत. आम्ही बघतो, पण तुमची गाडी आहे ना? भोंगा लावून फिरा. ऊन बघताय ना." ऊन मला कुणी दाखवायला नको होतं. मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या गावातली एक बाई रोजगार हमीच्या कामावर उन्हानं गेली होती, आणि ती माझ्या वयाची होती.

परत आलो तर अण्णा दुकानाचं शटर अर्धं ओढून गाडीपाशीच उभे होते. म्हणाले, "भीमा, रडू नको. पान्हं धर."

एरवी ह्या कामाला अर्धा दिवस लागतो. आम्ही तासाभरात उरकलं. भोंगे केबिनच्या टपावर तारेनं आवळले, एक पुढं तोंड करून, एक मागं. ॲम्प्लिफायर हौद्यात कडब्याच्या पेंढीवर ठेवला. गाडी चालू केली तर भोंग्यातून कुंई असा आवाज, ॲक्सिलेटर दाबला की तो वाढायचा. माझे शब्द त्यात बुडून जायचे. अण्णा म्हणाले, गाडीचा पत्रा गंजलाय, त्याला अर्थिंग मिळेना. त्यांनी वायर सरळ बॅटरीच्या खुंटीवर नेली, खुंटी ब्लेडनं खरडून चकचकीत केली, आणि कुंई बंद झाली. मग बॅटरीकडं बघून मान हलवली.

"ही लई थकलीय. इंजिन बंद करू नको, न्हाईतर दहा मिनिटांत बसल. आन हे डबडं तापलं की आपोआप गप होतंय. दमादमानं बोल."

दमादमानं कोण बोलणार? मी माइक तोंडाला लावला आणि ओरडायला लागलो. "सरजाबाई ग्यानोबा, वय सत्तर, राहणार इंद्राळवाडी, तालुका देवणी, जिल्हा लातूर. अंगावर पांढरं लुगडं, निळा काठ. कुणाला दिसल्यास थांबवून ठेवा, हात जोडतो." अण्णा मागं ॲम्प्लिफायरपाशी बसले होते, त्याच्यावर पोत्याची सावली धरून. माइक जुना, भोंगे जुने, तरी माझा आवाज चार गल्ल्यांवर जात होता. जयंतीला हाच आवाज लागेल म्हणून मी दहा जणांपुढं मिरवलो होतो.

बसस्टँड झालं, दवाखान्याचा रस्ता झाला, दाळमिलांच्या मागच्या वस्त्या झाल्या. पहिल्या गिअरमध्ये रांगून रांगून गाडी गरम झाली. मायसाठी घेतलेली पाण्याची बाटली अण्णांनी रेडिएटरमध्ये ओतली. गाडी थांबली असती तर भोंगा थांबला असता.

पंचशीलेचे फोन सुरू झाले होते. पहिल्यांदा मी म्हणालो, निघालोच. दुसऱ्यांदा म्हणालो, टायर पंक्चर झालंय. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "दादा, मायला फोन दे." मी म्हणालो, झोपलीय.

"झोपू दे मग. मी पाठवलेलं हिरवं लुगडं नेसलीय ना? वहिनीला सांगितलं होतं, माझ्याकडं येताना तेच नेसव म्हून."

मी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. मागची रिक्षा शिव्या देत निघून गेली. सकाळी मी तिचा हात धरून तिला केबिनमध्ये चढवलं होतं. तिच्या काखेतली घागर हिसकावली होती. शेजारी बसवून ऐंशी किलोमीटर आणली होती. आणि ती काय नेसली होती ते मला माहीत नव्हतं. मी चौकीत, बाजारात, साऱ्या लातूरला तीन तास ओरडून ओरडून दुसऱ्याच म्हातारीचं वर्णन सांगत होतो.

आणि मग उस्मानाबादही कळलं. आमचं गाव आता लातूर जिल्ह्यात, तालुका देवणी. पण मी शाळेत होतो तेव्हा तालुका उदगीर होता आणि जिल्हा उस्मानाबाद. लातूर जिल्हा नंतर झाला, देवणी तालुका त्याहून नंतर झाला, आता उदगीर जिल्हा व्हायचाय. मायच्या डोक्यात ह्यातलं काहीच झालं नव्हतं. तिला घरी जायचं होतं आणि घर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. ती बरोबर विचारत होती. चूक मीच सांगत होतो.

"दादा? दादा, काय झालं?" पंचशीला ओरडत होती. मी तिला खरं सांगितलं. तिनं फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बार्शी रोडला लागलो तेव्हा चार वाजत आले होते. रस्ता तापून मऊ झाला होता. मुख्य रस्त्यावर विचारत गेलो. एका रसवंतीवाल्यानं तिला दुपारी पाहिलं होतं, डावीकडच्या वस्तीच्या तोंडाशी. मी गाडी वस्तीत घातली. पत्र्याची घरं, पुढं छोटे ओटे, दारादारापुढं रिकामे ड्रम साखळीनं बांधलेले. दारं सगळी लावलेली. माझा घसा बसला होता, पण आता निदान मी खरं सांगत होतो. "सरजाबाई. हिरवं लुगडं. तालुका उदगीर म्हणत असतील, जिल्हा उस्मानाबाद म्हणत असतील. माय, मी भीमा हाय. माय, बाहेर ये."

एकही दार उघडलं नाही. लातुरात दिवसभर गाड्या फिरतात, अमक्या क्लासचा निकाल, तमक्या क्लासची शेवटची बॅच. लोकांना भोंगा ऐकू येणंच बंद झालंय. आणि मायनं ऐकलं असतं तरी काय? सरजाबाई तिला चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. आणि भीमा म्हणून जो ओरडत होता तो पंचेचाळीस वर्षांचा घोगऱ्या आवाजाचा कुणीतरी परका बाप्या होता.

अण्णांनी मागून काच वाजवली. "भीमा, डबडं भाजून निघालंय. दिवा लुकलुक करतोय. एकदा बोलशील, दोनदा बोलशील, मग बसल. नीट इचार करून बोल."

मी माइक हातात धरून बसलो. दोन वाक्यं. तिला कुठल्या शब्दानं हाक मारायची?

मी लहान होतो तेव्हा आमच्या बौद्धवाड्याची विहीर गावात सगळ्यात आधी आटायची. मग माय घागर घेऊन गावच्या विहिरीवर जाऊन उभी राहायची. दोराला हात लावायचा नाही. कुणाला वाटलं तर त्यानं वरून ओतायचं. कधी दोन तास, कधी तीन. मी शाळेतून यायचो तेव्हा घरात घोटभर पाणी नसायचं आणि ती तिकडं उभीच असायची. पुढं टँकर यायला लागले. टँकर कुणाच्या मालकीचा नव्हता, जो आधी पोचला त्याचा पहिला नंबर. तेव्हापासून मायनं दुसरा नंबर कधी लावला नाही. सून विसरली, नातवंडं विसरली, मला विसरली, पण परवाच्या दिवशीही टँकरची हाळी आली तेव्हा गावातल्या तरण्या बायांना मागं टाकून ती चौकात उभी होती.

अण्णांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. काचेतून बोट हलवत ते आधी कानडीत, मग मराठीत म्हणाले, "बेड, भीमा. हे नको. मानसं फाडून टाकतील. हुकूम हाय."

मला माहीत होतं ते. त्या ओट्यांमागं तहानलेली माणसं होती हेही माहीत होतं. मी हॉर्न दाबून धरला, लांब, टँकरवाले दाबतात तसा, आणि उरलासुरला घसा फाडून ओरडलो.

"टँकर आलं गंऽ, टँकर! घागरी काढा!"

तासभर न उघडलेली दारं एका वेळी उघडली. हंडे, बादल्या, तेलाचे डबे, रंगाचे रिकामे ड्रम. बाया पीठभरल्या हातांनी आल्या. एक पोरगी वहीत पेन तसाच ठेवून, दोन्ही हातांत कळशा घेऊन आली. एक बाप्या नुसत्या टॉवेलावर पळत आला. पत्र्यावर भांडी आदळल्याचा आवाज वस्तीच्या पार टोकापर्यंत गेला. आणि गाडीपाशी पोचल्यावर त्यांना दिसली एक कडब्याची पिकअप, दोन भोंगे, आणि मी.

"टँकर कुठाय?"

मी खाली उतरलो. "टँकर न्हाई," म्हणालो. "माझी माय हरवलीय. माफ करा."

टॉवेलवाल्यानं माझ्या कानाखाली ठेवून दिली. दुसऱ्या कुणीतरी गचांडी धरली. मी हात वर केला नाही, कारण मारायचा त्यांना हक्क होता. पन्नाशीची एक जाड बाई गर्दी फोडत आली. नंतर कळलं, तिचं नाव कोंडाबाई. तिनं मला बाजूला ढकललं, केबिनमधला माइक ओढला आणि वस्तीच्या टोकाकडून अजून पळत येणाऱ्यांना सांगितलं, "बायांनो, पळू नका. पाणी न्हाई. ह्या मुडद्यानं खोटं सांगितलंय!"

ते दुसरं वाक्य. त्यानंतर ॲम्प्लिफायरचा दिवा गेला.

कोंडाबाई माझ्याकडं वळली तोच तिची नजर माझ्या मागं गेली. "आन ती माझी घागर हाय," ती म्हणाली.

मी वळून बघितलं. हौद्याच्या फाळक्याला एका हातानं धरून, पायापाशी लाल प्लॅस्टिकची घागर ठेवून माय उभी होती. हिरवं लुगडं, धुळीनं राखाडी झालेलं. चेहरा उन्हानं काळा पडलेला. मागच्या बाईचा हंडा ती कोपरानं सरकवत होती. "मागं व्हय. पयला नंबर माझा हाय."

मी तिच्या पायाशी बसलो. हाताला धरलं. "माय," एवढंच म्हणता आलं.

तिनं हात सोडवून घेतला. "मधी घुसू नको, बाबा. लाईनीत ये."

लोकांचा राग गेला होता असं नाही, पण भांडी खाली टेकली होती. कोंडाबाई म्हणाली, "ही तुझी माय? दुपारधरनं माझ्या ओट्यावर हाय. भाकर खाल्ली, पडून राहिली. नाव इचारलं तर भीमाची माय म्हनती, जिल्हा उस्मानाबाद म्हनती. सहाच्या गाडीत बसवून देनार व्हतो तिला उस्मानाबादच्या."

सहा वाजायला पाऊण तास होता. मी म्हणालो, "मावशी, मी तासभर ओरडायलो व्हतो इथं."

"क्लासची गाडी वाटली रे," ती म्हणाली.

मायला गाडीत बसवायला गेलो तर ती फाळका सोडेना. अण्णांनी समजावलं, मी समजावलं. ती एकच म्हणायची, नंबर जाईल. आणि रिकामी घागर घेऊन ती जागची हलणार नाही हे मला कळत होतं, कारण ती कधीच हलली नव्हती. पाणी कुठून आणणार? ज्यांच्यापाशी होतं त्यांनाच मी फसवलं होतं.

कोंडाबाईनं ते बघितलं. मग घरात गेली आणि पितळी तांब्या घेऊन आली. वरून थोडं खाली, एवढं भरलेलं. कुणीतरी मागून म्हणालं, "कोंडाबाई, आठ दिस झाले टँकर येऊन." ती म्हणाली, "ठावं हाय मला." तिनं तांब्या घागरीत ओतला. तळाशी पाणी पसरलं. माय वाकून बघत राहिली, अजून येईल म्हणून.

तेव्हा कोंडाबाईनं तळहातानं पिकअपच्या पत्र्यावर तीनदा थाप मारली. टाकी रिकामी झाली की टँकरवाला मारतो तशी. "संपलं, बाई, टँकर. उरल्यालं पुढच्या खेपेला."

मायनं लगेच मान हलवली. टँकर नेहमी असाच संपतो, त्यात तिला नवल वाटलं नाही. तिनं घागर उचलून काखेत घेतली आणि निघाली. मी कोंडाबाईला म्हणालो, तुमची घागर.

"ऱ्हाऊ दे तिच्याकडं," ती म्हणाली. "आमच्याकडं रिकाम्या लई हायेत."

हात जोडून मी सगळ्यांकडं बघितलं. ती वहीवाली पोरगी कळशा घेऊन परत चालली होती, आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं. त्या पोरीचं तोंड मला अजून दिसतं.

पंचशीलेला फोन लावला. सापडली, एवढं म्हणालो आणि दोघंही फोनवर रडलो. अण्णा मागं भोंग्यांपाशीच बसले, पुढं मी आणि माय. तिनं घागर मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी धरून. वस्तीच्या खड्ड्यांतून बाहेर पडताना ती म्हणाली, "डायव्हरभाऊ, हळू घे. सांडल."

"हाव, माय."

सकाळपासून मी पाणी प्यालो नव्हतो. घशात काटे उभे राहिले होते, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. शेजारी तांब्याभर पाणी डुचमळत होतं. मुख्य रस्त्याला लागल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, "माय, घोटभर देतीस का? घसा लई सुकलाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं नव्हतं. मग घागरीत बघितलं. पाणी किती आहे याचा तिनं अंदाज घेतला आणि पदराचं टोक घागरीच्या तोंडावर ओढून घेतलं.

"न्हाई रं बाबा. वाईट वाटून घेऊ नको," ती म्हणाली. "एवढंसंच हाय. माझा भीमा शाळेतून तहानेला येतोय."

मी म्हणालो, बरोबर हाय. आणि गाडी आणखी हळू घेतली.